मारिओच्या सुरांना वाद्यवृंदाचे प्रमाणपत्र कशाला?

व्हिडिओ गेममधल्या संगीताला संगीत म्हणायचे की नाही, हा वाद अधूनमधून नव्याने पेटतो आणि दर वेळी त्याच वळणाने जातो. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ च्या गेमची धून घेतली. गेमच्या संगीताला त्या यादीत प्रथमच जागा मिळाली आणि ठरलेल्या दोन फळ्या पुन्हा समोरासमोर आल्या. मुलांच्या खेळण्यातली किणकिण राष्ट्रीय ठेवा म्हणून कोणी जपते काय, असा एका फळीचा सवाल. त्यावर दुसऱ्या फळीचे उत्तर म्हणजे टोकियोच्या सभागृहांपासून लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलपर्यंत कोणकोणत्या वाद्यवृंदांनी गेमचे संगीत वाजवले याची जंत्री. पहिली फळी चुकते आहे हे उघड आहे. पण माझ्या मते अधिक नुकसान दुसरी फळी करते आहे. वाद्यवृंदाने वाजवले म्हणून हे संगीत श्रेष्ठ, असे म्हणताक्षणी आपण प्रतिपक्षाचीच मोजपट्टी हातात घेतो आणि तिच्यावर आपला माणूस कसाबसा पुरेसा उंच भरतो एवढेच सिद्ध करत बसतो. ज्यांनी ती धून केली त्या कोजी कोंदो यांची चार दशकांची कारकीर्द बारकाईने पाहिली, तर गेमच्या संगीताला स्वतःची कसोटी आहे आणि तिचा सभागृहाशी फारसा संबंध नाही, हे ध्यानात येते.

कोंदो यांचा जन्म १९६१ चा, नागोयाचा. लहानपणापासून ते इलेक्टोन हा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन शिकले, पुढे जॅझ आणि रॉक वाजवणाऱ्या हौशी बँडमध्ये वाजवू लागले आणि ओसाका कला विद्यापीठात शिकले. मात्र तिथे त्यांनी रीतसर संगीतरचनेची पदवी घेतली नाही. पुढे ‘सुपर मारिओ’ काढणाऱ्या निन्टेंडो या जपानी गेम-कंपनीला आवाजाचे काम करणारा माणूस हवा आहे, अशी सूचना विद्यापीठात लागलेली पाहून त्यांनी अर्ज केला आणि १९८४ मध्ये ते नोकरीला लागले. ती नोकरी त्यांनी पुढे सोडलीच नाही. ‘फायनल फँटसी’ या गेम-मालिकेचे संगीतकार नोबुओ उएमात्सु २००४ मध्ये आपली कंपनी सोडून स्वतंत्र झाले, ‘स्ट्रीट फायटर २’चे संगीत करणाऱ्या योको शिमोमुरा कॅपकॉम या कंपनीतून स्क्वेअर या कंपनीत गेल्या आणि नंतर स्वतंत्रपणे काम करू लागल्या, कोंदो मात्र पगारी नोकरच राहिले. कलावंताच्या चरित्रात आपल्याला जी वळणे हवीशी वाटतात, म्हणजे उपेक्षा, बंड, कंपनीशी भांडण, त्यांतले इथे काहीच नाही. कदाचित म्हणूनच त्यांच्याविषयी बोलताना लोक त्यांच्या कामाकडे न पाहता त्यांच्या धुनांच्या लोकप्रियतेकडे पाहतात.

ते काम नेमके काय होते? १९८३ मध्ये बाजारात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या ध्वनिचिपमध्ये दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी लहर, एक खरखर निर्माण करणारी वाट आणि नमुना-ध्वनीसाठी, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या छोट्या आवाजांसाठी, एक मर्यादित वाट, एवढाच ऐवज होता. त्रिकोणी लहरीचा आवाज लहान-मोठा करण्याची सोयही नव्हती. शिवाय संगीत आणि खेळातले इतर आवाज यांना याच वाटा वाटून घ्याव्या लागत. ‘सुपर मारिओ’त उडीचा आवाज एका चौकोनी लहरीवर येतो आणि नाणे मिळाल्याचा आवाज दुसरीवर. म्हणजे खेळणारा उडी मारतो तेव्हा संगीतातला एक सूर त्या क्षणापुरता गप्प होतो, आणि उडी कधी मारली जाईल हे संगीतकाराला ठाऊक नसते. कुठल्याही क्षणी कुठलाही भाग गळून पडू शकतो असे गृहीत धरून धून बांधायची, आणि तरी ती तुटल्यासारखी वाटू द्यायची नाही, अशी ही अट आहे. कोंदोंनी लय त्रिकोणी लहरीतल्या खर्जावर आणि खरखरीतून काढलेल्या ठेक्यावर सोपवली. उडी आणि नाणे यांचे आवाज तिथे पोचत नाहीत. वरचे सूर गळाले तरी चाल चालू राहते आणि उरलेले कान भरून काढतो. या गेमसाठी केलेली पहिली धून त्यांनी स्वतःच बाद केली होती, कारण मारिओचे प्रत्यक्ष धावणे आणि उड्या मारणे पडद्यावर पाहिल्यावर ती त्या हालचालींशी जुळेना.

इथे आपल्याच बाजूच्या एका लाडक्या युक्तिवादाला फाटा द्यायला हवा. एवढ्या तोकड्या साधनांत केले म्हणून ते थोर, असे चाहते सतत सांगतात. अडचण हा गुण नव्हे. त्याच चिपवर, त्याच काळात शेकड्यांनी कंटाळवाण्या धुना झाल्या आणि त्यांच्या कर्त्यांना अडचणी काही कमी नव्हत्या. पाहायचे ते हे, की अडचणीतून त्या माणसाने रचनेचा कोणता विचार काढला. सभेत गाणाऱ्याला आपल्या हाती किती वेळ आहे याचा अंदाज असतो. चित्रपटाच्या संगीतकाराला तर प्रसंग किती सेकंदांचा आहे हे मोजून मिळते. गेमच्या संगीतकाराला काळच मिळत नाही. खेळणारा एका जागी पाच मिनिटे उभा राहील, पुढच्या पावलाला खड्ड्यात पडेल, किंवा परत मागे फिरेल. ज्याचा शेवट कधी येणार हे माहीत नाही, असा काळ सुरांनी भरायचा, तो कंटाळा येऊ न देता भरायचा आणि प्रसंग बदलताच क्षणात पालटायचा. ‘सुपर मारिओ’त उघड्या मैदानाची धून वेगळी, पाण्याखाली गेले की तीन मात्रांचा संथ वॉल्ट्झ लागतो, जमिनीखाली मोजक्या खर्जाच्या सुरांमध्ये मुद्दाम रिकाम्या जागा सोडलेल्या असतात, आणि घड्याळ शंभराच्या खाली गेले की इशारा होऊन तीच धून अधिक घाईने धावू लागते. त्या घाईने कोणताही मजकूर न दाखवता खेळणाऱ्याचे तळहात घामेजतात. संगीत इथे खेळाचा एक नियम होऊन बसले आहे.

यावर प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप पुनरावृत्तीचा आहे. दीड-एक मिनिटाची धून आणि तीच पुन्हा पुन्हा. विस्तार नाही, विकास नाही, तर मग यात संगीत ते किती? आक्षेप पोकळ नाही. ज्याच्या घरात मूल तासभर एकच टप्पा खेळत बसले आहे, त्या माणसाला विचारून पाहावे. पण आपल्याकडच्या तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर धरलेला लेहरा आठवावा. एका आवर्तनाची चाल तासभर तशीच फिरत राहते आणि तिने तशीच फिरावे हीच अपेक्षा असते; तबलजी तिच्या आधारावर काळाशी खेळतो. लेहऱ्यात विकास नाही म्हणून तो धरणाऱ्याला कोणी हिणवत नाही, कारण तिथे कलावंत दुसरा आहे आणि चालीचे काम त्याला जमीन देणे हे आहे. गेममध्ये तो दुसरा म्हणजे खेळणारा. एवढे मान्य करूनही या तुलनेची मर्यादा सांगितली पाहिजे: लेहरा कोणी घरी जाताना गुणगुणत नाही. जमीन देण्याचे काम करून शिवाय लक्षात राहणे, ही कोंदोंच्या धुनेची दुहेरी कामगिरी आहे आणि ती त्या काळच्या फार थोड्या धुनांना साधली.

‘फार थोड्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण दुसरा आक्षेप आठवणींचा आहे. हे सगळे बालपणीचे कौतुक, असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत मारिओ आला तो निन्टेंडोच्या अस्सल यंत्रावर आलाच नाही. तो आला फॅमिकॉमच्या स्वस्त नकली यंत्रांवर, जिच्यावर हजारो खेळ असल्याचा दावा छापलेला असे अशा पिवळ्या ‘कॅसेट’मधून, आणि सुट्टीतल्या दुपारी भावंडांनी रिमोटसाठी केलेल्या मारामाऱ्या त्या धुनेला चिकटून बसल्या आहेत. त्या सुरांवरचा जीव आणि त्या दुपारींवरचा जीव वेगळा काढता येत नाही. परंतु आठवणच जर सारे करत असेल, तर त्याच कॅसेटमधल्या इतर खेळांच्या धुना का आठवू नयेत? फॅमिकॉमवर हजाराहून अधिक गेम निघाले. बालपण सगळ्यांवर सारखेच सांडले होते. शिवाय १९८५ नंतर कित्येक वर्षांनी जन्मलेली, ते यंत्र कधी न पाहिलेली मुले ती चाल शिट्टीवर वाजवतात; त्यांच्या कुठल्या दुपारी तिला चिकटल्या आहेत? आठवण एखाद्या धुनेचे आयुष्य वाढवू शकते. पण निवड कोण करते, याचे उत्तर तिच्यापाशी नाही.

तिसरा आक्षेप जुना आणि प्रतिष्ठित आहे: हे मागणीनुसार, धंद्यासाठी, दुसऱ्या कशाच्या तरी सेवेत केलेले संगीत आहे. असे म्हणणाऱ्याला युरोपचे निम्मे अभिजात संगीत फेकून द्यावे लागेल. हँडेलने १७१७ मध्ये थेम्स नदीवरच्या राजाच्या नौकाविहारासाठी वाद्यसंगीत लिहिले. बाख लाइपझिगमध्ये रविवारच्या प्रार्थनेसाठी जवळजवळ दर आठवड्याला नवी रचना हातावेगळी करत होता. आपल्याकडे १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चाली प्रसंगाच्या आणि नटाच्या गळ्याच्या मागणीनुसारच बांधलेल्या होत्या, आणि त्याच चाली पुढे मैफलींत मानाने गायल्या गेल्या. उपयोजित म्हणजे हलके, हे समीकरण सरकारदरबारी राबवले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे खरे कळकळीचे पुरस्कर्ते होते; त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांची रुची सुधारली का? ते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. त्यांची चूक एवढीच, की एका कामासाठी घडलेल्या संगीताला त्यांनी दुसऱ्याच कामाच्या मापाने मोजले. गेमच्या संगीताला आज नाके मुरडणाऱ्यांची चूक हीच आहे आणि, दुर्दैवाने, वाद्यवृंदाचे दाखले देणाऱ्यांचीही.

वाद्यवृंदाच्या बाजूने जे म्हणता येईल ते मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे कोइची सुगियामा दूरचित्रवाणी आणि लोकप्रिय गाण्यांच्या जगात नाव मिळवून मग गेमकडे आले आणि १९८७ मध्येच त्यांनी टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्ये त्या गेमचे संगीत वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. त्या काळी याचे मोल मोठे होते. शिमोमुरांनी संगीत महाविद्यालयातून बाहेर पडून गेम कंपनीत जायचे ठरवले तेव्हा घरचे आणि शिक्षक नाराज झाले होते. ज्या धंद्याकडे समाज असा पाहतो, त्याला सभागृहाचा दरवाजा उघडून मिळणे म्हणजे अंगावर बरे कपडे येणे होते. उएमात्सुंच्या संगीताला तर वाद्यवृंद शोभूनही दिसतो, कारण त्यांचा मूळ पिंड कथेचा आणि भव्य प्रसंगांचा आहे; १९९४ च्या ‘फायनल फँटसी ६’मध्ये खऱ्या गळ्याचा आवाज साठवण्याइतकी जागा नसताना त्यांनी कृत्रिम स्वरांवर ऑपेराचा अख्खा प्रवेश उभा केला. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या संचलनात गेमच्या धुना वाजल्या, सुरुवात सुगियामांच्या धुनेने झाली, आणि भारताचा चमूही याच मालिकेवर पावले टाकत मैदानात आला. मान मिळाला, हे खरे. निन्टेंडोची एकही धून मात्र त्या मालिकेत नव्हती. म्हणून कोंदोंचे काम कमी ठरते काय?

मुळात सभागृहात गेमच्या धुनेचे होते काय, ते पाहावे. तिला सुरुवात आणि शेवट मिळतो, चार मिनिटांचा ठरीव आकार मिळतो, टाळ्यांसाठी जागा मिळते. म्हणजे अनिश्चित काळाचा जो प्रश्न सोडवण्यासाठी ती घडली, तोच प्रश्न आधी काढून टाकला जातो आणि मग उरलेल्या सुरांचे कौतुक होते. नाट्यपद मैफलीत गेल्यावर त्याचा प्रसंग सुटतो, पण गायकाच्या हाती विस्ताराची मोकळीक येते. वाद्यवृंदाच्या छापील स्वरलिपीत तीही येत नाही. या बाबतीत कोंदोंची स्वतःची सावधगिरी बोलकी आहे. २००७ च्या ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’साठी प्रत्यक्ष वाद्यवृंद वापरायचे ठरत असताना त्यांना शंका होती ती अशी, की वाद्यवृंदाची लय मारिओच्या हालचालींना जुळेल का, की खेळणाऱ्यालाच संगीताच्या लयीप्रमाणे खेळावे लागेल? शेवटी त्यांचे सहकारी माहितो योकोता यांच्याबरोबर तो प्रयोग झाला आणि उत्तम झाला. पण तो झाला वादकांना मेट्रोनोम या लय मोजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यांवर वाजवायला लावून, जेणेकरून मुद्रित संगीत खेळाच्या आवाजांशी जुळवता यावे. वाद्यवृंद तिथे खेळाच्या अटींवर आत आला, हा त्यातला धडा. चाहते त्याच्या नेमके उलटे करतात.

या कसोटीवर कोंदोंचे सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर मी मारिओच्या धुनेचे नाव घेणार नाही. मी १९९८ च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम’कडे बोट दाखवीन. त्यात खेळणाऱ्याच्या हाती एक मातीची बासरी येते आणि हातातल्या कंट्रोलरच्या पाच बटणांवर तिचे पाच स्वर असतात: खालचा सा धरला तर सा, कोमल ग, प, शुद्ध ध आणि वरचा सा. म्हणजे वेगवेगळे स्वर चारच; आपल्या शास्त्राच्या रूढ नियमाने एवढ्यात रागही होत नाही. या चार स्वरांत कोंदोंना डझनभर चाली करायच्या होत्या, ज्या एकमेकींपासून सहज ओळखू येतील, ज्यांनी जिव्हाळाही निर्माण होईल आणि ज्या संगीताचा गंध नसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पाठ होतील. त्यांनी सुरुवातीच्या चालींना तीन स्वर दोनदा, असा साचा दिला. राजकन्येचे अंगाईगीत म्हणजे ‘ध सां प, ध सां प’. खेळणारा एवढे वाजवतो आणि गेम त्याला पुढची पूर्ण चाल वाजवून उत्तर देतो. मग त्या चालीने पाऊस पडतो, दिवसाची रात्र होते, दूरवरची घोडी धावत येते. त्याच गेममधल्या विस्तीर्ण कुरणाचे संगीत छोट्या छोट्या तुकड्यांचे केलेले आहे. ते तुकडे बदलत्या क्रमाने येतात, शत्रू जवळ आला की त्यांचा रंग पालटतो आणि खेळणारा थांबला की तेही निवांत होतात. हे सारे एखाद्या ध्वनिमुद्रिकेवर कसे उतरवणार? लायब्ररी ऑफ काँग्रेसचा मी आदर करतो, पण तिच्या यादीत जे जतन होते ते ध्वनिमुद्रण. कोंदोंची रचना ध्वनिमुद्रणात अर्धीच मावते.

आजच्या गेम-संगीताविषयी प्रतिपक्षाची एक तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो. साठवणुकीची मर्यादा गेल्यापासून मोठ्या खर्चाच्या कित्येक गेममध्ये चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची नक्कल चालते: धीरगंभीर तंतुवाद्ये, ढोलांचा गडगडाट, समूहगायन, आणि गेम संपल्यावर शीळ घालण्याजोगी एक ओळ नाही. हे संगीत वाईट वाजवलेले नसते; त्याला खेळणाऱ्याची गरजच वाटत नाही, हा त्याचा दोष. आणि हा दोष आला कुठून? चित्रपटासारखे, सभागृहासारखे वाटले की आपण वयात आलो, या समजुतीतूनच. वाद्यवृंदाच्या दाखल्यांनी जी प्रतिष्ठा मागितली गेली, तिची ही किंमत आहे.

तेव्हा गेमच्या संगीतकारांसाठी भांडायचेच असेल तर भांडण दुसरीकडे आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये कर्त्यांची नावेच नव्हती. पुढच्या वर्षीच्या ‘झेल्डा’त शेवटी नावे आली ती टोपणनावे; तिथे संगीतकार म्हणून ‘कोनचान’ एवढेच दिसते. त्याच ‘झेल्डा’च्या शीर्षकासाठी कोंदोंनी फ्रेंच संगीतकार राव्हेलचा ‘बोलेरो’ घेण्याचे योजले होते, त्याच्या स्वामित्वहक्काची मुदत अजून थोडी शिल्लक असल्याचे ऐन वेळी कळले आणि त्यांनी एका रात्रीत नवे शीर्षकसंगीत बसवले. मृत संगीतकाराच्या हक्काची एवढी बूज राखणाऱ्या कंपनीने जिवंत संगीतकाराचे नाव पडद्यावर लिहिले नव्हते. संगीतकार हायडनने १७६१ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याशी केलेल्या करारात त्याने गणवेश घालावा आणि धन्याच्या आज्ञेने केलेल्या रचना इतर कोणाला देऊ नयेत, अशी कलमे होती. पण रचना हायडनची, हे कोणी लपवत नव्हते. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी निन्टेंडोने आपल्या संगीताचे स्वतंत्र अ‍ॅप आणले. त्यात निवडक धुना पंधरा, तीस किंवा साठ मिनिटांपर्यंत वाढवून ऐकण्याची सोय आहे, म्हणजे ज्या पुनरावृत्तीला टीकाकार दोष म्हणतात तिचे मोल कंपनीला पक्के ठाऊक आहे. मात्र ते बाजारात आले तेव्हा धुनांपुढे संगीतकारांची नावे नव्हती, आणि त्यावर बरीच ओरडही झाली. गेमचे नाव, चित्र, यंत्राचे नाव, वर्ष या साऱ्यांसाठी तिथे जागा होती. कोजी कोंदो हे नाव लिहायला आणखी एक ओळ पुरली असती.